उंबरठ्यावरची अलाबला

'उंबरठा' मी बांधला आणि त्यावर ठेचही मलाच लागली, याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. पडद्यावर लाल चौकोन उमटला होता आणि त्यात सभ्य मराठीत लिहिलं होतं, 'आपल्या योगदानाबद्दल आभार. ही हालचाल वापरणाऱ्याच्या डोक्यास इजा करू शकते, सबब ती स्वीकारता येत नाही.' हे वाक्यसुद्धा माझंच. 'सबब' शब्द घालताना मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं!

"काय म्हणतंय?" आईनं विचारलं.

"नाही म्हणतंय."

"परत?"

"परत."

आईनं उजव्या हातानं चहाचा कप उचलला, घोट घेतला आणि जराही आवाज न करता कप बशीत ठेवला. त्या हाताला मनगटाखाली हाडमांस नाही. कप, चमचा, किल्ली, सगळं तो सहज धरतो. फक्त तिला जे मनापासून हवंय, तेवढं एक तो करत नाही.

आई, म्हणजे अलका निकुंभ, नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत प्रेसवर वॉशर काढायची. एके दिवशी प्रेस अवेळी खाली आला. सेन्सर चालू होता असं मालक म्हणाला, बंद होता असं आई म्हणाली. वाद चालूच राहिला, हात मात्र परत आला नाही.

तुटलेल्या हाताची एक गंमत आहे. हात जातो, पण मेंदूला ते कुणी कळवत नाही. 'मूठ मिट', 'बोट उचल' असे हुकूम तो पूर्वीसारखेच सोडत राहतो. ते हुकूम कोपराखालच्या स्नायूंपर्यंत येतात आणि तिथे अगदी बारीक वीज उठते. दंडाखाली बांधलेला पट्टा ती वीज टिपतो, तिचा अर्थ लावतो आणि कृत्रिम बोटांतल्या मोटारी फिरवतो. हा अर्थ लावणारी जी प्रणाली आईच्या हातात आहे, तिचं नाव 'मनगट'. ती कुणाच्या मालकीची नाही. जगभरच्या हौशी लोकांनी फावल्या वेळात ती लिहिली. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, सुधारावी. कंपनीचा हात घेतला तर प्रत्येक नव्या हालचालीसाठी कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं. मनगटाला कुणीही नवी हालचाल शिकवू शकतो. अशा एकेका हालचालीला आम्ही 'जोड' म्हणतो.

कुणीही शिकवू शकतो, हे नुसतं म्हणायला. जोड द्यायची तर प्रोग्रॅमिंग यायला हवं, इंग्रजीतली जाडजूड नियमावली वाचायला हवी, मग तपासणाऱ्यांच्या मागे लागायला हवं. निम्मे लोक नियमावलीतच गार व्हायचे. त्यामुळे मनगटाला बुद्धिबळाचा घोडा नाना तऱ्हांनी उचलता यायचा आणि भाकरी थापता यायची नाही. याचा वैताग येऊन मी 'उंबरठा' लिहिला. आपल्या धडधाकट हातावर पट्टा बांधा, रोज करता ते काम पाच-सात वेळा करून दाखवा, बास. पुढचं सगळं उंबरठा करतो. हालचालीचा गाभा काढतो, पडद्यावरच्या खोट्या हातावर तपासतो आणि जगाला देऊन टाकतो. वर्षभरात जोडांचा पूर आला. चाळीसगावच्या कुणी भाकरी दिली, कुणी निऱ्या दिल्या, कुणी झेंडूची माळ. माझा एका परिषदेत सत्कार झाला, शाल आणि नारळासकट.

त्याच सुमारास डोकं रगडून तेल लावायची एक जोड कुठल्याशा देशात एकाच्या डोळ्यावर बेतली. मग मनगटाच्या सुरक्षा गटानं नियम घातला, गळ्याच्या वर हात हलकाच जाईल, जोराचा हुकूम आला की गळ्याशीच थांबेल. घास तोंडात जाईल, चष्मा नाकावर बसेल, त्यापलीकडे काही नाही. आम्ही त्याला 'डोक्याची सीमा' म्हणू लागलो. मलाही तो नियम शहाणपणाचा वाटला. तेव्हा रेवा जन्मली नव्हती ना!

रेवा ही माझी मुलगी. ती घरी आली त्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या पगारेकाकू आल्या. त्यांनी दोन्ही तळवे रेवाच्या डोक्यावरून हनुवटीपर्यंत उतरवले, मग बोटं स्वतःच्या कानशिलांवर टेकवून कडाकडा मोडली. अलाबला घेतली. समोरच्या नसरीनआपांनीही घेतली. आई दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली आणि मग गॅसवर काहीतरी आहे असं सांगून आत गेली. गॅसवर काहीही नव्हतं.

दिवस गेले, आई रेवाच्या जवळ काही जाईना. पाळणा हलवायची तोही लांबून, दोरीनं. माझी बायको हर्षदा हे सगळं बघत होती. ती एका हृदयरोग दवाखान्यात ईसीजी काढते. माणसं बोलतात त्यापेक्षा त्यांच्या आत काय चाललंय त्यावर तिचा जास्त भरवसा.

"तुझ्या आईंना मुलगा हवा होता, तर तसं तोंडावर सांगावं," ती एकदा म्हणालीच.

"काहीतरी काय बोलतेस!"

"मग काय समजू? शेजारणी येऊन अलाबला घेतात. दूधवालासुद्धा गोड आहे म्हणून गेला. आणि सख्खी आजी पाहुण्यासारखी दारात उभी! त्याच हातानं भाकऱ्या थापतात ना? मग लेकराला का हात लावत नाहीत?"

मला कारण माहीत होतं. मी आईला आधीच विचारलं होतं.

"एका हातानं अलाबला घेतात का कुठे?" आई म्हणाली होती. "निम्मी उतरते, निम्मी लेकरावरच राहते. आणि तिच्या जवळ गेलं ना, की हा आपसूक वर जायला बघतो. गळ्याशी येऊन अडकतो मेला. मग मला कसंतरीच होतं. त्यापेक्षा लांब बरी."

"मग हर्षदाला सांगू या की हे."

"अजिबात नाही. काय सांगणार? सासूचा हात चालत नाही म्हणून नातीला जवळ घेत नाही? लंगडी सबब वाटेल तिला. सांगशील तर रेवाची शपथ आहे तुला."

घालून घालून शपथ घातली ती रेवाची! मी विज्ञान शिकलेला माणूस, शपथेनं कुणाचं काही होत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मोडवेना. कुणाच्या बापाला मोडवेल?

इकडे हर्षदाची रजा संपत आली होती. जळगावच्या एका दवाखान्यात जागा होती आणि तिचं माहेर तिथलंच. "मी होकार कळवतेय," तिनं सांगितलं. "रविवारी निघते. रेवाला माझी आई सांभाळेल. तिथे निदान तिला कुणी उचलून तरी घेईल." मी वाद घातला, विनवण्या केल्या. तोंडात शपथेचा बोळा कोंबलेल्या माणसाच्या विनवण्या कितीशा पटणार?

म्हणून मग अलाबलेची जोड. माझाच उंबरठा, माझंच घर, दोन दिवसांचं काम, असं मी धरून चाललो होतो. मी पट्टे घेऊन सोसायटीच्या हॉलमध्ये बसलो आणि शेजारणींना बोलावलं. पहिल्याच झटक्याला अडलं.

"घ्यायची कुणाची?" पगारेकाकूंनी विचारलं.

"कुणाची नाही काकू. नुसती हालचाल करून दाखवा."

"नुसती? म्हणजे हवेची?"

"हो. मशिनला तेवढंच लागतं."

"चल, काहीतरीच! हवेची अलाबला घेऊ का मी? तिला कोण नजर लावणार आहे?"

मी आग्रह केला म्हणून त्यांनी करून दाखवली, पण हात असे मेल्यासारखे फिरले की उंबरठ्याला हालचाल सुरू कुठे होते नि संपते कुठे तेच कळेना. रेवाला आणायची सोय नव्हती, हर्षदानं शंभर प्रश्न विचारले असते. शेवटी मीच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो. चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला बाप्या मी, आणि समोर बायकांची रांग!

आता मात्र हात फिरले. नसरीनआपा म्हणाल्या, "बेटा, जरा झुक," आणि माझ्या विरळ केसांवरून त्यांचे तळवे असे उतरले की मी आपोआप डोळे मिटले. पगारेकाकूंच्या बोटांची कडकड हॉलभर ऐकू गेली.

"भरपूर नजर लागलीय रे तुला," त्या समाधानानं म्हणाल्या. "वाळलास किती!"

वाळलेलं माझं पोट मी आत घेतलं. मापं झकास आली होती. मी ती उंबरठ्यावर ठेवली. 'ही हालचाल कशासाठी आहे?' उंबरठ्यानं विचारलं. पर्याय होते खाणे, कपडे, काम, छंद, इतर. मी चरफडत 'इतर' निवडलं. हे पर्याय लिहिणाऱ्या गाढवाला काही कळत होतं की नाही, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण ते गाढव मीच. मग लाल चौकोन आला. हालचाल जराशी बदलून पाठवली, परत लाल चौकोन.

यंत्राच्या नकाराविरुद्ध माणसाकडे दाद मागता येते. माझी दाद सुरक्षा गटातल्या ऐनोकडे गेली. ती फिनलंडची, तिचा डावा हात जन्मतःच नाही, तीही मनगट वापरते. ती तिच्या भाषेत लिहिते, मला मराठीत दिसतं.

"मला समजून घ्यायचं आहे," तिनं लिहिलं. "वापरणारी व्यक्ती बाळाला स्पर्श करते आणि मग स्वतःच्या डोक्यावर बोटं दाबते. जोरात. असं का?"

"बाळावरची पीडा आपल्यावर घ्यायची असते म्हणून."

"बोटं नुसती टेकवली तर?"

"तर मोडत नाहीत. मोडली नाहीत तर झालीच नाही."

"पण तुषार, कृत्रिम बोटांत मोडण्यासारखं काही नाहीच. आवाज येणार कुठून?"

ब्राझीलच्या एका भल्या माणसानं चर्चेत उडी घेऊन बोटांत बारका स्पीकर बसवून द्यायची तयारी दाखवली. मी आईला विचारलं. "खोटी खोटी कडकड?" ती म्हणाली. "माझ्या नातीला?" विषय संपला.

मी ऐनोवर चिडलो. जे नको ते सगळं लिहिलं. तुमचा नियम आंधळा आहे, माझ्या आईला तिच्या नातीवर माया करायची आहे आणि तुमच्या लेखी ती स्वतःला मारून घेते आहे, वगैरे. ऐनोनं शांतपणे उत्तर दिलं, "एखाद्या फळावर करून बघा."

मनगट उघडं आहे, सीमा काढून टाकणं मला सहज शक्य होतं. ते मी तोवर केलं नव्हतं. आता तावातावात केलं. जास्तीचा एक हात घेतला, सीमा काढली, टेबलावर कलिंगड ठेवलं आणि पगारेकाकूंची कडकड त्या हाताला दिली. बोटं सुरेख वळली, कलिंगडाला टेकली आणि सालीतून आत गेली. हाडामांसाचं बोट दुखलं की थांबतं. मोटारीला दुखत नाही. लाल पाणी टेबलावरून खाली ठिबकायला लागलं.

आई शेजारीच उभी होती.

"हे तू माझ्या डोक्याला लावणार होतास?" तिनं विचारलं आणि फडकं आणायला गेली.

मी सीमा परत घातली. ऐनो बरोबर होती, आई बरोबर होती आणि हर्षदा तिच्या जागी बरोबर होती. सगळे बरोबर असताना सगळं चुकत जावं, याचा मला इतका संताप आला की मी उरलेलं कलिंगड कचऱ्यात फेकलं. चांगलं गोड निघालं असतं.

शनिवारी ऐनोचा निरोप आला. "एक मार्ग आहे. तुम्ही आतापर्यंत दुसऱ्यांच्या हातांची मापं पाठवलीत. ज्यांना ही जोड हवी आहे, त्यांच्याच स्नायूंचा हुकूम टिपून पाठवा. त्यांचा मेंदू किती जोर मागतो, कुठे थांबतो, ते दिसलं तर मी गटाशी भांडेन. शब्द देते." आणि खाली लिहिलं होतं, "आमच्याकडे बाळाकडे नुसतं बघतात. मला तुमची पद्धत आवडली."

रविवारी सकाळी हर्षदाच्या बॅगा दारात होत्या. ती आतल्या खोलीत रेवाला टोपडं घालत होती. मी हॉलमध्ये आईचा पट्टा मोठ्या पडद्याला जोडून दिला. पडद्यावर हिरवी रेघ सरकू लागली. कृत्रिम हात आईच्या मांडीवर पडून होता, सीमेत बांधलेला.

"घे आई."

"कुणाची?"

"माझी. त्या दिवशी बायकांनी घेतली तशी."

आईनं माझ्याकडे पाहून मनातल्या मनात काहीतरी केलं. रेघ जराशी थरथरली आणि परत आडवी झाली.

"नाही येत," ती म्हणाली. "तुझी जन्मभर घेतली. आता उरली नाहीये बहुतेक."

"आई, चेष्टा नको. वेळ नाहीये."

"चेष्टा कोण करतंय? ठरवून येत नाही रे ते."

तेवढ्यात हर्षदा रेवाला घेऊन दारात आली. काही झालं तरी सासूला सांगून निघायचं, एवढी रीत तिनं सोडलेली नव्हती.

"आई, येते मी," ती कोरडेपणानं म्हणाली.

आणि रेघ उसळली. पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली, खाली आली, परत वर गेली. आई मात्र पुतळ्यासारखी बसून होती, नजर रेवावर, हात मांडीवर.

हर्षदाची पावलं थांबली. दिवसभर रेघाच वाचणारी बाई ती. तिचं लक्ष पडद्यावर खिळलं.

"ही कुणाची?"

शपथ होती. मी फक्त आईच्या हाताकडे पाहिलं.

हर्षदा एक पाऊल मागे सरली, रेवाला घेऊन दाराआड झाली. रेघ हळूहळू खाली बसली. ती पुन्हा पुढे आली. रेघ उसळली. यंत्र बिघडलेलं नाही ना, हे पाहण्याची तिची ही नेहमीची पद्धत. तिनं तिसऱ्यांदा करून पाहिलं. एकदा रेवाला आत पाळण्यात ठेवून एकटीच पुढे आली, तेव्हा रेघ ढिम्म. मग रेवाला परत घेतलं आणि आईच्या अगदी समोर आली. पडद्यावर रेघ मावेना.

"आई," तिचा आवाज बदलला होता, "तुम्ही काय करताय हे?"

आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अलाबला घेतेय गं," ती म्हणाली. "तो वर जात नाही, तर मी काय करू?"

"कधीपासून?"

"तू तिला घरी आणलीस तेव्हापासून. रोज."

हर्षदा माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"शपथ होती."

"कुणाची?"

"रेवाची."

"धन्य आहात दोघं!" ती म्हणाली आणि रडत रडतच हसली. मग तिनं रेवाला माझ्या मांडीवर ठेवलं, माझी खुर्ची ओढून आईसमोर आणली आणि स्वतः आईच्या उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसली. आईचा कृत्रिम हात तिनं अलगद बाजूला केला आणि त्या जागी आपला उजवा हात पुढे धरला.

"उजवा माझा. चला."

आईला क्षणभर काही कळलं नाही. मग तिचा डावा तळवा उठला, हर्षदाचा उजवा उठला. दोन तळवे रेवाच्या टोपड्यावरून, गालांवरून, हनुवटीपर्यंत उतरले. एक सावळा, सुरकुतलेला, एक तरुण. आईनं डावी बोटं आपल्या डाव्या कानशिलावर टेकवली. हर्षदा तिची बोटं सवयीनं स्वतःच्या कानशिलाकडे न्यायला लागली.

"तिथे नाही गं," आई म्हणाली आणि तिनं आपलं डोकं तिच्याकडे कलवलं. "इथे."

हर्षदानं आईच्या उजव्या कानशिलावर बोटं मोडली. दोन्हीकडून एकदम कडकड झाली. रेवा दचकली, ओठ काढले आणि मोठ्यांदा रडायला लागली. मग आईनं तिला उचललं. दोन्ही हातांनी. उचलायला कसलीच सीमा आड येत नव्हती, ती आधीही आली नसती. मी पडद्याकडे पाहिलं. हिरवी रेघ आडवी, निवांत सरकत होती.

हर्षदानं लंगोट शोधायला बॅग उघडली, ती उघडीच राहिली. जळगावला फोन करायला ती गॅलरीत गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, रेवाचं रडणंच एवढं होतं.

मी टिपलेलं माप उंबरठ्यावर ठेवायला बसलो. ऐनोनं शब्द दिला होता, मलाही पाळायला हवा होता. उंबरठ्यानं विचारलं, 'ही हालचाल कुणी केली?' खाली एकाच नावापुरता रकाना होता. दोन लिहायला जागाच नव्हती. जोडांचा दरवाजा सगळ्या जगाला उघडून देणाऱ्या, शाल-नारळ घेतलेल्या माणसाला एवढंही सुचलं नव्हतं! मी स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि उंबरठ्याचाच प्रोग्रॅम उघडला. तो दुरुस्त करायला आता सगळा रविवार जाणार होता.

त्याआधी आईचा पट्टा सोडायला गेलो, तर तिनं हात मागे घेतला.

"राहू दे रे," रेवाला थोपटत ती म्हणाली. "तिन्हीसांजेला परत घ्यायचीय."